पुलाला छप्पर कशासाठी? पार्क काउंटीचे लाकडी पूल आणि त्यांची निगा

ऑक्टोबर आला की अमेरिकेच्या मिडवेस्ट भागात राहणाऱ्या मराठी मंडळींच्या फोटोंमध्ये एक लाल लाकडी पूल हमखास दिसतो. दोन्ही बाजूंना फळ्यांच्या भिंती, वर उतरतं छप्पर, मागे रंग बदललेली झाडं. तो फोटो इकडे घरी पोचला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: पुलाला छप्पर कशाला? माणसांना पाऊस लागू नये म्हणून म्हणावं, तर पूल ओलांडायला मिनिटभरही लागत नाही.

प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचं उत्तर नीट कळलं की असे पूल दीड-दीडशे वर्षं कसे टिकले, त्यांतले बरेच का गेले आणि उरलेले वाचवायचे म्हणजे नेमकं काय वाचवायचं, हे सगळं हळूहळू उलगडतं. त्यासाठी एकच जागा घेऊ: इंडियाना राज्यातली पार्क काउंटी.

ओढ्यांचा मुलूख

काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग, पण आकारानं आणि वस्तीनं बहुधा खूपच लहान. इंडियानाच्या पश्चिमेला असलेल्या पार्क काउंटीची वस्ती जेमतेम १६ हजारांच्या आसपास. मुख्य गाव रॉकव्हिल. मका आणि सोयाबीनची शेतं, मधूनमधून जंगल, आणि वाबाश नदीला जाऊन मिळणारे शुगर क्रीक, बिग रॅकून क्रीक असे मोठाले ओढे. एवढ्याशा मुलखात छपराचे ३१ लाकडी पूल आजही उभे आहेत. स्थानिक लोक आपल्या काउंटीला या पुलांची जागतिक राजधानी म्हणवतात, आणि आकडा पाहता त्यांना तो अधिकार आहे असं मला वाटतं.

एकोणिसाव्या शतकात या ओढ्यांच्या काठी पाणचक्क्या होत्या. शेतकऱ्याला धान्य दळून आणायचं, तर ओढा ओलांडणं भागच होतं. लाकूड हाताशी होतं, लोखंड महाग होतं. त्यामुळे लाकडी पूल बांधणारे सुतार-कंत्राटदार तयार झाले. त्यांत दोन नावं मोठी, जे. जे. डॅनियल्स आणि जे. ए. ब्रिटन. दोघांची कामं आजही प्रवेशद्वारावरून ओळखता येतात. डॅनियल्सच्या पुलाचं तोंड वर कमानीसारखं गोलाकार, तर ब्रिटनच्या पुलाचे वरचे दोन कोपरे सरळ तिरपे छाटलेले. बऱ्याच पुलांच्या दर्शनी भागावर अजून ती जुनी सूचना रंगवलेली असते: पूल चालत्या गतीनं ओलांडा. घोडे दुडक्या चालीत आले की पुलाला हादरे बसतात, म्हणून ती ताकीद.

छप्पर पुलासाठीच

तर उत्तर असं, की छप्पर माणसांसाठी नाही, घोड्यांसाठीही नाही. ते पुलाच्या सांगाड्यासाठी आहे.

लाकूड म्हातारं झालं म्हणून कुजत नाही, ओलं राहिलं म्हणून कुजतं. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली असेल तर लाकूड खाणाऱ्या बुरशीला जोर धरता येत नाही. एखाद्या पावसानं फारसं बिघडत नाही, कारण वरवर भिजलेलं लाकूड वाळतं. पाणी जिथे शिरून बसतं, म्हणजे दोन तुळया एकमेकींत बसवलेल्या सांध्यात, खाचेत, भेगेत, तिथे खरं दुखणं सुरू होतं. लाकडी पुलात असे सांधे शेकड्यांनी असतात आणि सगळा भार त्यांतूनच जातो.

कोकणातलं जुनं घर ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. पावसाळ्याआधी घर शाकारायचं, कौलं फिरवायची, फुटकी बदलायची, पावसाच्या बाजूच्या भिंतीला झावळ्यांची झडप लावायची. कौल फुटलं तर दुसरं येतं. पण त्या फुटक्या कौलाकडे दोन पावसाळे पाहिलंच नाही, तर खालचा वासा जातो, मग तुळई, आणि तुळई गेली की घर गेलं. छपराच्या पुलात हाच हिशेब आहे. स्वस्त, सहज बदलता येणाऱ्या फळ्या आणि छप्पर ऊनपाऊस अंगावर घेतात आणि महागाचा, बदलायला अवघड सांगाडा कोरडा राहतो.

अमेरिकेत ही कल्पना रुजली ती फिलाडेल्फियातल्या एका पुलापासून. स्कूलकिल नदीवरचा तो पूल १८०५ साली खुला झाला. बांधणारा टिमथी पामर. पुलाच्या कंपनीचे प्रमुख, न्यायाधीश रिचर्ड पीटर्स, यांनी पूल झाकायचा आग्रह धरला. पामरचंही मत तेच होतं: उघडा पूल दहा-बारा वर्षांत जातो, नीट झाकला तर तीस-चाळीस वर्षं सहज काढेल. वर त्यानं हेही लिहून ठेवलं, की लोकांच्या मते हा सल्ला त्याच्याच धंद्याच्या मुळावर येणारा आहे. मला हा माणूस फार आवडतो. पुढे अनेक फेरफार होत तो पूल १८७५ साली आगीत गेला, तोवर देशभर असे हजारो पूल उभे राहिले होते. आज त्यांतले हजारही शिल्लक नाहीत.

बर्फ साचू नये म्हणून छप्पर, असंही सांगतात. ते पटण्यासारखं वाटतं, पण उत्तरेकडच्या गावांत हिवाळ्यात उलट पुलाच्या आत मुद्दाम बर्फ पसरत. बर्फावरून घसरणाऱ्या बिनचाकी गाड्या कोरड्या फळ्यांवरून जाणार कशा? आतून पाणी दिसत नाही म्हणून जनावरं बुजत नसत, हा फायदा खरा असेलही. पण त्यासाठी कुणी एवढा खर्च केला नसता.

भार नक्की उचलतं कोण?

पुलाच्या दोन्ही बाजूंना, फळ्यांच्या आत, जाड तुळयांची एकेक उभी चौकट असते. सुतार-गवंडी तिला कैची म्हणतात, इंजिनीअर ट्रस म्हणतात. घराच्या छपरात असते तशीच, फक्त कितीतरी मोठी. खरा पूल म्हणजे या दोन कैच्या. रस्त्याच्या फळ्या त्यांना टांगलेल्या असतात आणि छप्पर त्यांच्यावर बसवलेलं असतं.

कैचीचं सगळं बळ त्रिकोणात आहे. चार पट्ट्या कोपऱ्यात एकेका खिळ्यानं जोडून चौकोन करा आणि बाजूनं ढकला, तो कलंडतो. तीन पट्ट्यांचा त्रिकोण कलंडत नाही. त्याचा आकार बदलायचा तर पट्टीच मोडावी लागते. पुलात दोन टोकांकडून दोन तिरप्या तुळया वर चढत मध्यावर भेटतात आणि त्यांच्या माथ्यापासून एक उभा खांब खाली येतो. गंमत अशी, की हा खांब खालून टेकू देत नाही. तो वरून लोंबकळतो आणि रस्त्याला धरून ठेवतो. तिरप्या तुळया दाबल्या जातात. त्यांची खालची टोकं बाहेर फाकू नयेत म्हणून तळाशी आडवी तुळई असते, आणि ती सतत ताणली जाते. ही तळतुळई लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरच सगळं येणार आहे.

एक त्रिकोण लहान ओढ्याला पुरतो. मोठ्या ओढ्यासाठी असे अनेक उभे-तिरपे खण ओळीनं मांडतात. थिओडोर बर नावाच्या बांधणाऱ्यानं यात एक भर घातली आणि १८१७ साली तिचं पेटंट घेतलं. कैचीला चिकटून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाकडाची भलीमोठी कमान. पुलाच्या एकाच टोकाकडच्या अर्ध्या भागावर जड गाडी आली की नुसती कमान वेडीवाकडी होऊ पाहते, तिथे कैची तिला आवरते. उलट लांब गाळ्यात, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतरात, नुसती कैची मध्ये खाली झुकू लागते, तिथे कमान तिला उचलून धरते. डॅनियल्स आणि ब्रिटन दोघांनीही हाच नमुना वापरला. डॅनियल्सचा १८६१चा जॅक्सन पूल शुगर क्रीकवर मध्ये एकही खांब न टाकता सुमारे १९१ फूट जातो. त्याचाच १८७६चा वेस्ट युनियन पूल दोन गाळ्यांत ३१५ फूट आहे, काउंटीतला सर्वांत लांब.

लाकूड गरिबाचं आणि लोखंड टिकाऊ, असा समज तेव्हाही होता. १९१३ च्या महापुरात शुगर क्रीकवरचा एक लोखंडी पूल वाहून गेला. त्या जागी ब्रिटननं त्याच वर्षी लाकडी पूल उभा केला, कॉक्स फोर्ड, आणि तो अजून आहे.

मग हे पूल जातात कसे?

पहिलं कारण अगदी क्षुल्लक दिसतं: माती. गाड्यांच्या चाकांबरोबर आलेली माती, पालापाचोळा, पक्ष्यांची घाण पुलाच्या दोन्ही टोकांना, दगडी पायाजवळ साचत जाते. तिथेच तळतुळईचं टोक टेकलेलं असतं. माती ओल धरून ठेवते आणि वर छप्पर धड असूनही तुळईचं टोक आतून पोखरत जातं. बाहेरून रंग ताजा, आत भुसा. बर यांच्या नमुन्यात कमानीची टोकं तर रस्त्याच्याही खाली जाऊन दगडात बसतात, तिथे पुराचं पाणी आणि ओली जमीन दोन्ही असतात. फोटो काढणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. म्हणूनच चांगला दिसणारा पूल एक दिवस अचानक बंद का केला, याचं गावकऱ्यांनाही नवल वाटतं.

दुसरं कारण वजन. घोडागाडीसाठी बांधलेल्या पुलावरून आज धान्यानं भरलेले ट्रक आणि कापणीची अवजड यंत्रं जाऊ पाहतात. वजनाची मर्यादा पाटीवर असते, पण फोनवरचा नकाशा ड्रायव्हरला ती सांगेलच असं नाही. उंच गाडी आत घुसली, तर वरच्या आडव्या तुळया मोडतात. या तुळया दोन्ही कैच्यांना एकमेकींपासून ठराविक अंतरावर उभं ठेवत असतात.

पुराचं सगळ्यांना माहीत आहे. नुसत्या पाण्यापेक्षा त्याबरोबर येणारे ओंडके जास्त घातक. धरणाचंही एक उदाहरण इथे आहे. बिग रॅकून क्रीकवर धरण झालं तेव्हा पोर्टलंड मिल्सचा १८५६चा पूल उचलून दुसरीकडे नेला. जागा गेली, पूल राहिला.

आणि आग. वाळलेलं लाकूड, दोन्ही तोंडं उघडी, आतून वाहता वारा, रात्री आसपास चिटपाखरू नाही. बहुतेक वेळा ही आग लागत नाही, लावली जाते. २००२ साली जेफ्रीज फोर्ड पूल असाच गेला. २८ एप्रिल २००५ ला ब्रिजटन गावातला, डॅनियल्सनं १८६८ साली बांधलेला २४५ फुटी पूल जळाला. शेजारच्या जुन्या पिठाच्या गिरणीबरोबर तो पूल म्हणजेच ते गाव होतं. सव्वाशेहून जास्त वर्षं पूर आणि बर्फ सोसलेली वस्तू एका माणसाच्या काडीनं जाते, याचा संताप शब्दांत मांडणं कठीण आहे.

दुरुस्ती म्हणजे काय करतात?

पूल आधी खालून उचलून धरावा लागतो. ओढ्यात तात्पुरते टेकू उभारतात आणि जॅकनं कैची इंच-इंच वर घेतात. नवा पूल मुळात सपाट नसतोच. बांधताना त्याला मध्यभागी किंचित वरचा फुगवटा दिलेला असतो, म्हणजे भार आल्यावर तो खाली लोंबत नाही. वर्षानुवर्षांत तो फुगवटा गेलेला असतो, तो परत आणायचा. घाई केली तर सांधे फाटतात.

मग कुजलेला भाग तेवढाच कापून काढायचा आणि त्याच जातीचं, वाळवलेलं लाकूड लांब तिरप्या सांध्यानं जोडायचं. तुळईचं दहा फूट टोक गेलं असेल तर दहा फूटच बदलायचं, साठ फुटांची तुळई टाकून द्यायची नाही. ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाचा अमेरिकेतला सर्वमान्य नियमच असा आहे: दुरुस्त होत असेल तर बदलू नका, आणि बदलावंच लागलं तर मूळ रचनेप्रमाणे बदला. त्यानंतर छप्पर, फळ्या, टोकांची सफाई आणि पाणी बाहेर काढणारे चर. शेवटची ही दोन कामं सर्वांत स्वस्त असतात आणि सर्वांत आधी विसरली जातात.

आगीसाठी ज्वालारोधक लेप, दिवे, कॅमेरे, उष्णता ओळखणाऱ्या तारा असे उपाय आहेत. लेप पुन्हापुन्हा द्यावा लागतो. निर्जन ठिकाणी वीज नेणंही सोपं नसतं.

खालून स्टीलचे गर्डर टाकले तर?

हा सल्ला इंजिनीअर मंडळी अनेकदा देतात आणि त्यात वाईट हेतू नसतो. स्टील घातलं की वजनाची चिंता मिटते. पण मग भार स्टील उचलतं आणि कैची नुसती उभी राहते. बाहेरून पूल तोच, आत पूल नाही. ब्रिटन-डॅनियल्सनी जे काम करून ठेवलं, ते काम त्या लाकडाला करू न देणं याला जतन म्हणायला माझं मन तयार नाही. जिथे शाळेची बस किंवा अग्निशमन गाडी जायलाच हवी आणि दुसरा रस्ता नाही, तिथे हा पर्याय नाइलाजानं समजू शकतो. इतरत्र वजनाची मर्यादा पाळणं जास्त बरं.

शेजारी नवा पूल बांधा, जुना राहू द्या की

पार्क काउंटीत हे अनेक ठिकाणी झालं आहे. ब्रिजटनला १९६७ साली शेजारी काँक्रीटचा पूल झाला आणि जुना वाहनांसाठी बंद झाला. टर्की रन उद्यानातल्या १८८२च्या नॅरोज पुलाशेजारूनही आता डांबरी रस्ता जातो. वजनाच्या दृष्टीनं हे उत्तमच. पण त्यात एक खाच आहे. अमेरिकेत सार्वजनिक रस्त्यावरच्या पुलांची तपासणी साधारण दर २४ महिन्यांनी करावीच लागते. १९६७ साली ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज कोसळून ४६ माणसं गेली, त्यानंतर हा नियम आला. वाहनांसाठी बंद झालेला, पायी जाण्यापुरता उरलेला पूल या सक्तीतून बाहेर पडतो. रोजची वर्दळ गेली की रोज बघणारे डोळेही जातात. निवृत्त केलेल्या पुलाची तपासणी काउंटीनं स्वतःहून चालू ठेवली नाही, तर तो हळूहळू आणि कुणाच्या लक्षात न येता मरतो.

जळल्यावर नव्यानं बांधलेला पूल जुना कसा?

जुना नाहीच. ब्रिजटनच्या लोकांनी देणग्या गोळा केल्या, स्वतः राबले आणि २००६ साली त्याच नमुन्याचा पूल उभा केला. त्याचं लाकूड एकविसाव्या शतकातलं आहे, हे कुणी लपवत नाही. न्यूयॉर्क राज्यातला ब्लेनहाइम पूलही असाच. १८५५चा, २१० फुटांचा एकसलग गाळा. २०११ साली आयरीन वादळाच्या पुरात तो गेला आणि त्याचा राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा पुढे काढून घेण्यात आला. २०१८ मध्ये नवा झाला, पण कागदोपत्री ती वेगळी वस्तू.

हा निर्णय मला योग्य वाटतो. डॅनियल्सच्या हातच्या खाचा, त्या काळच्या जंगलातलं लाकूड, दीडशे वर्षांची झीज यांतलं काही परत येत नाही. तरीही ब्रिजटनचा नवा पूल वाया गेला असं मी म्हणणार नाही. तो बांधताना एका पिढीला बर यांची कमान हातानं जुळवावी लागली. उरलेल्या पुलांची दुरुस्ती करायची तर हीच विद्या लागते, आणि ती नुसत्या आराखड्यावरून येत नाही. जळण्याआधी जपणं हे काम वेगळं, जळाल्यावर बांधणं वेगळं. दुसरं होऊ शकतं म्हणून पहिल्यात ढिलाई करू नये.

एवढा पैसा कशाला?

सोळा हजार वस्तीच्या काउंटीला ३१ पूल म्हणजे ओझंच, यात शंका नाही. शाळा, रस्ते, दवाखाने यांच्यासमोर लाकडी पुलाचं बिल ठेवणं सोपं नसतं. म्हणून १९९८च्या एका केंद्रीय कायद्यानं अशा पुलांसाठी खास अनुदानाचा कार्यक्रम सुरू केला. त्यातून दुरुस्त्यांबरोबर संशोधनही झालं आणि २००५ साली महामार्ग खात्यानं इंजिनीअरांसाठी तपशीलवार मार्गदर्शिका काढली. याची फार गरज होती, कारण आजचा इंजिनीअर स्टील आणि काँक्रीट शिकून येतो. जुन्या लाकडाची ताकद कमी धरून तो चांगला पूल निकामी ठरवू शकतो.

काउंटी स्वतःही कमावते. १९५७ पासून दर ऑक्टोबरात दहा दिवसांचा पुलांचा उत्सव भरतो, लाखो लोक येतात. रॉकव्हिल, मॅन्सफील्ड, ब्रिजटन अशा गावांचं वर्षाचं गणित त्या दहा दिवसांवर बरंचसं बसतं. मात्र गर्दीचा पैसा आपोआप तुळईपर्यंत पोचत नाही. छपराची गळती, टोकाची माती आणि दरवर्षीची पाहणी यांसाठी बाजूला काढलेली छोटी रक्कम, दर तीस वर्षांनी मिळणाऱ्या मोठ्या अनुदानापेक्षा पुलाला जास्त वर्षं देते.

बघायला जाणार असाल तर

इंडियानापोलिसहून रॉकव्हिल गाडीनं साधारण दीड तासावर आहे. पुलांचे नकाशे गावात मिळतात. फोटो बाहेरून काढा, पण वेळ आत घालवा. आधी तोंडाचा आकार पाहून डॅनियल्स की ब्रिटन ते ओळखा. आत गेल्यावर कमान कुठून निघते आणि कुठे संपते ते डोळ्यांनी शोधा, उभे खांब कमानीला कुठे जोडले आहेत ते पाहा. मग टोकाशी वाका आणि तळतुळईचं टोक बघा, कोरडं आहे का, माती साचली आहे का. छपरातून कुठे उजेड दिसतोय का तेही पाहा. गाडी न्यायची असेल तर वजनाची आणि उंचीची पाटी वाचल्याशिवाय आत घालू नका, आणि आत असाल तोवर सिगारेट किंवा काडी पेटवू नका.